हात सैल सोड, यमे

यमे, आज तुझा दहावा. घाटावर गेलो नाही. पिंड नाही, कावळा नाही, डोकं भादरलं नाही. तुमच्यात दहावं नसतं असं सरूबाई म्हणाली, आणि आमच्यातलं तुझं जे करायचं ते मी चौदा वर्षांपूर्वीच उरकून बसलोय. लोक नुसतं बोलायला म्हणतात, अमक्याच्या नावानं आंघोळ केली. मी खरंच केली. पंचगंगेवर, भर सकाळी, जातीचे चार पंच काठावर उभे करून. त्या वेळी तू मिशनच्या आवारात, बाप्तिस्मा घेतलेली, चांगली धडधाकट, पोरींसाठी भाकऱ्या थापत बसली असशील, आणि इकडं तुझा सख्खा भाऊ नाक दाबून तुझ्या मरणाच्या बुड्या मारत होता. आता तू खरी गेलीस, तर माझ्याजवळ करण्यासारखं काही उरलेलं नाही.

म्हणून लिहायला बसलोय. दुकान उघडलंय, पण गिऱ्हाईक नाही. मानमोडीच्या तापानं अर्धं कोल्हापूर अंथरुणाला खिळलंय, घरटी एकजण तरी गेलाय. बांगड्या भरायला कोण येणार? मास्तरांनी छड्या मारमारून मला शुद्ध लिहायला शिकवलं, त्यामुळं कागदावर मी जरा शहाण्यासारखा बोलतो. तू हसली असतीस. 'आण्णा, त्वांडानं असं ग्वाड बोल की एकदा,' म्हणाली असतीस. आज सकाळी मी कुठं गेलतो ते मला तुला सांगायचंय. पण आधीचं कबूल केल्याशिवाय आजचं सांगायला मला तोंड नाही.

तुझ्या उजव्या हातापासनं सुरू करतो.

प्लेगाच्या साली सगळं गाव रानात छपऱ्या घालून राहत होतं. तू, दाजी आणि तुमची दोन वर्षांची चंपा कागलहून आमच्याकडं आलेलात, म्हणून तुमची छपरी आमच्या शेजारीच. मंगळवारी चंपा गेली. शुक्रवारी दाजी गेले. बांगड्या वाढवायला जुन्या विधवा बायका लागतात, ती रीत आहे. मी सगळ्या छपऱ्यांपुढं जाऊन हाका मारल्या. एकही बाई बाहेर आली नाही. आल्या नाहीत त्याबद्दल मी त्यांना तेव्हा आईमाईवरनं शिव्या दिल्या, पण त्यांचीही लेकरं आत होती, त्या तरी काय करणार? मग ते काम मीच केलं.

मी जन्माचा कासार. हजारो बायकांचे हात हातात घेतले असतील, आणि प्रत्येकीला एकच सांगत आलो: हात सैल सोडा. हात आखडला की बांगडी चढत नाही, चढली तरी तडकते. सैल सोडला की अंगठ्याखालचा उंचवटा दाबायचा, बोटं जवळ आवळायची, बांगडी आपोआप मनगटावर जाते. त्या शुक्रवारी तुझा हात मी दगडावर ठेवला, दुसरा दगड उचलला, आणि सवयीनं माझ्या तोंडातनं तेच गेलं. 'हात सैल सोड, यमे.' आणि तू सोडलास. नको म्हणाली असतीस, हात ओढून घेतला असतास, तर बरं झालं असतं. तू गिऱ्हाइकासारखी निमूट बसलीस आणि मी ठोकलं.

चंपाच्या बारशाला मीच भरलेल्या हिरव्या बांगड्या त्या. एक काच मनगटात शिरली. रक्त आलं. तू बघितलंसुद्धा नाहीस, तू कोपऱ्यात पडलेल्या चंपाच्या टोपऱ्याकडं बघत होतीस. मी माझ्या धोतराच्या सोग्यानं रक्त पुसलं आणि काच काढली. जखम भरली, पण मनगटाच्या आतल्या बाजूला नखाएवढी आडवी खूण राहिली ती राहिलीच.

पुढं दोन वर्षं तू माझ्या घरात होतीस. मी तुला उपाशी ठेवलं नाही, तुझ्यावर हात उचलला नाही. हे मी पंचांना ऐकवलं, तुझ्या वैनीला ऐकवलं, स्वतःला तर रोज ऐकवलं. पण तुला दुकानात पाऊल टाकायची मनाई केली ती मीच. नवऱ्या चुडा भरायला येतात, त्यांना विधवेचं तोंड दिसलं तर अपशकुन. तू मागच्या खोलीत बसून बांगड्या मापाप्रमाणं लावायचीस, डझन डझन दोरीत बांधायचीस. बांधता बांधता मधेच मांडी हलवायला लागायचीस, लेकरू निजवल्यासारखी. मांडीवर काही नसायचं. वैनी पदर तोंडाला लावून बाहेर जायची. आणि मी? मी ओरडायचो, 'अगं ए, काच फुटंल, नीट बस की!'

मग सरूबाई आली. मिशनच्या पोरींच्या घरातली ती वयस्कर बाई, पायात जाडजूड चपला, डोक्यावर पदर. म्हणाली, 'कासारदादा, दुस्काळातल्या तीस-पस्तीस पोरी हायत आमच्याकडं, आईबाप न्हाईत. सणाला त्यांच्या हातात बांगड्या भरायच्यात, येता का?' मला जायचं नव्हतं. तिथल्या पोरी कुठल्या कुठल्या जातीच्या, आणि सरूबाईचं माहेर कुठल्या वस्तीतलं ते मला ठाऊक होतं. त्या वस्तीत आम्ही बांगड्या लांबनं देतो, हात धरून भरत नाही. पण गिऱ्हाईक सोडवतंय होय माझ्याच्यानं! तेव्हा माझ्या सुपीक डोक्यात आलं की यमीला पाठवावं. विधवेच्या हाताचा अपशकुन तिथं कोण धरणार? धंदाही होईल आणि मी बाटणारही नाही. तुला मिशनमध्ये नेलं येशूनं, असं तू म्हणायचीस. अगं, वाट तर मी दाखवली होती, आणि ती ह्या असल्या हिशेबानं.

तू जायला लागलीस. आधी सणाला, मग आठवड्यातनं एकदा, मग रोज दुपारी. मी काही बोललो नाही, कारण तू तिथनं आलीस की जेवायचीस. दोन वर्षांत पहिल्यांदा तू भाकरी मागून घेतलीस, 'वैनी, आनिक अर्धी दे.' वैनी मला खुणावून म्हणाली, 'बघा की, जेवाय लागली पोर.'

पुढं एक दिवस चंपाचं टोपरं दिसेना. तू ते उशाखाली ठेवायचीस, कुणाला हात लावू द्यायची नाहीस. मी विचारलं तर म्हणालीस, मिशनात एक तान्ही पोर आणलीय, तिला घातलं. माझं टाळकंच फिरलं. 'मेलेल्या लेकराचं टोपरं परक्याच्या डोक्यावर? कुणाचं, कुठलं, जातीचा पत्ता न्हाय, काय न्हाय!'

'डोकं उघडं हुतं तिचं, आण्णा,' तू एवढंच म्हणालीस.

त्याच आठवड्यात मी तुला परसात हसताना ऐकलं. वैनी कशावरनं तरी काहीतरी बोलली आणि तू खळखळून हसलीस. मी दुकानात होतो, समोर गिऱ्हाईक होतं, हातातली बांगडी तशीच धरून मी ऐकत राहिलो. सुखावायला पाहिजे होतं की नाही? पण मला राग आला. दाजी जाऊन अडीच वर्षं झाली नाहीत आणि ही हसती! आत येऊन मी तुला नको नको ते बोललो. आज लाज वाटते ती त्या बोलण्याची नाही, त्या रागामागच्या कारणाची. तुझं दुःख गेलं नव्हतं, ते मला कळत होतं. ते तू मिशनात घेऊन गेलीस आणि आमच्याकडं रडली नाहीस, ह्याचा मला राग होता. आम्ही तुझ्या दुःखाला मागची खोली दिली होती ना राहायला, ती सोडून ते बाहेर पडलं.

तेव्हा आपलं ते भांडण झालं, जे अजून मिटलेलं नाही. मी विचारलं, काय घालतात गं तुझ्या डोक्यात तिथं? तू चुलीपुढं बसून शांतपणे सांगितलंस. सरूबाईनं पहिले दोन महिने काही शिकवलं नाही, नुसती जवळ बसायची. मग एकदा तिनं तुला येशूची गोष्ट सांगितली, मित्र मेला म्हणून त्याच्या थडग्यापाशी जाऊन रडला ती.

'देव रडला?' मी म्हणालो.

'व्हय. माणसांदेखत.'

'मग चंपाला बरं कराय काय झालंतं त्याला?'

तू जाळ पुढं सारलास. 'ते मलाबी कळत न्हाय, आण्णा. रोज इचारते त्याला.'

'मग काय सांगतोय?'

'अजून काय न्हाय सांगितलं. पर इचाराय कुणीतरी हाय, एवढं कळलंय. आदी मी भितीला इचारत हुते.'

मी हसलो, कुचकटपणे. 'रडणारा देव काय कामाचा गं? देव म्हंजे कसा पायजे, ताप हाणून पाडणारा!'

तू माझ्याकडं बघितलंस. 'ह्याचं उत्तर हाय माझ्याजवळ. पर तू चिडलाईस. निवळलास की सांगते.'

मग तू तुझा उजवा हात पुढं केलास आणि ती खूण दाखवलीस. म्हणालीस, त्याच्याही हातावर खुणा आहेत, खिळ्यांच्या. मरणातनं उठल्यावर त्यानं त्या झाकल्या नाहीत, उलट मित्रांना त्याच दाखवल्या, म्हणजे ओळख पटावी. 'चंपा मला परत न्हाय मिळाली, आण्णा. पर मी मला परत मिळाले.' मी तिथनं उठून गेलो. माझ्या दगडाची ती खूण, आणि तू ती देवाच्या हाताशेजारी नेऊन ठेवतेस! मला वाटलं, तू मला टोमणा मारतेस. तू टोमणा मारत नव्हतीस हे मला तेव्हाही कळलं होतं, पण टोमणा समजणं सोपं होतं. त्यानंतर मी कधी निवळलोच नाही आणि उत्तर तसंच राहिलं.

महिन्याभरात तू बाप्तिस्मा घेतलास. पुढचं मी वर लिहिलंच आहे, नदीचं.

हे सगळं चाललं तेव्हा आमच्या ह्याच कोल्हापुरात महाराज हरएक जातीच्या पोरांसाठी बोर्डिंगं उघडत होते. मी दुकानात बसून गिऱ्हाइकांपुढं त्यांची वाहवा करायचो, 'राजा असावा तर असा!' घरात मात्र बहिणीचं नाव घ्यायची बंदी.

मग ते नागपंचमीचं सुरू झालं. बायका आदल्या दिवशी भावाचा उपास धरतात आणि नव्या बांगड्या भरतात, तेव्हा दुकानात पाय ठेवायला जागा नसते. पहिल्याच वर्षी तू आलीस. साधं काठाचं लुगडं, रिकामे हात. बायकांमध्ये मुकाट्यानं बसलीस, पाळी आल्यावर पुढं सरकलीस आणि उजवा हात माझ्यापुढं धरलास. 'आण्णा, भर. हिरव्याच भर.' म्हणालीस, उपास करत न्हाय आता, पण भाऊ हाय की मला. सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. मी तुझ्या हाताकडं बघत म्हणालो, 'मेलेल्या माणसाला आमी बांगड्या भरत न्हाय.'

काय हे तोंड माझं! झडलं कसं नाही!

तू हात लगेच मागं घेतला नाहीस. थोडा वेळ तसाच धरलास, आणि मग म्हणालीस, 'बरं. हात हितंच हाय, आण्णा. तुला जमंल तवा भर.' पुढच्या वर्षी परत आलीस. त्याच्या पुढच्या वर्षी परत. तुला लाजही वाटायची नाही का गं? दरवर्षी भरल्या दुकानातनं रिकाम्या हातानं परत जायचं, आणि पुढच्या वर्षी परत यायचं? मी तुला निर्लज्ज म्हणायचो. आता म्हणतो, एवढी आशा कुठनं आणायचीस?

आता एक गोष्ट सांगतो, जी वैनीलाही माहीत नाही. तिसऱ्या वर्षापासनं मी दरवर्षी तुझ्या मापाच्या बारा हिरव्या बांगड्या निवडून कागदात गुंडाळायचो आणि गादीखाली ठेवायचो. एकेक बोटावर वाजवून घ्यायचो, कच्ची काच नको म्हणून. रात्रभर ठरवायचो, ह्या वर्षी भरायच्याच. सकाळी तू दारात दिसलीस की हिशेब सुरू व्हायचा. पंच वाळीत टाकतील, गिऱ्हाईक तुटेल, माझ्या तीन पोरींची लग्नं व्हायचीत. मग मान हलवायची, नाही म्हणून. तुला वाटायचं, दगडापुढं हात धरलाय. अगं, दगडानं खाली बांगड्या धरून ठेवलेल्या असायच्या.

ह्या वर्षी वैशाखात धाकटीचं लग्न झालं. आता काही निमित्त उरलं नव्हतं. श्रावणात तू आलीस, केस पांढरे झालेले, हात तसाच पुढं. मी गादीखाली हात घातला, कागद हाताला लागला. शप्पथ सांगतो, लागला होता. आणि बघतो तर तुझ्यामागं धाकटीची सासू बसलेली, डोळे वटारून. मी हात बाहेर काढला, मोकळाच.

'पुढच्या वर्षी ये,' मी म्हणालो.

चौदा वर्षांत मी पहिल्यांदा 'नाही' सोडून दुसरं काही बोललो होतो. तुला त्याचाच केवढा आनंद झाला! चेहरा कसा उजळला तुझा. 'पुढच्या वर्षी तर पुढच्या वर्षी,' म्हणालीस आणि हसत गेलीस. तुझं ते हसणं आता मला जेवू देत नाही.

मग मानमोडी आली. आधी वैनी पडली, दोन दिवसांनी मी. पोरी सासरी, त्यांच्या घरातही तीच गत. गल्लीत कुणी कुणाच्या दारात जाईना. तहानेनं माझी जीभ टाळ्याला चिकटली होती आणि तांब्या चार हातांवर होता, पण तिथवर सरकणं होईना. तापात मी सगळे देव आठवले. अंबाबाईला नवस बोललो, जोतिबाला बोललो. कुणाला कमी लेखत नाही मी, त्यांचं त्यांना माहीत. पण दुपारच्या वेळी मागच्या दाराची कडी वाजली आणि आत तू आलीस.

पावलावरनं ओळखलं. तू वैनीला पेज पाजलीस, मग माझ्याजवळ बसलीस. कपाळावर ओली घडी ठेवलीस. मी शुद्धीवर होतो, यमे. पूर्ण शुद्धीवर होतो. आणि मी डोळे मिटून घेतले.

डोळे उघडले असते तर काहीतरी बोलावं लागलं असतं. 'पाणी घेणार न्हाय तुझ्या हातचं,' असं म्हणावं लागलं असतं, नाहीतर चौदा वर्षांचं सगळं बोलावं लागलं असतं. दोन्हीची हिंमत नव्हती. म्हणून झोपेचं सोंग. तू माझ्या मानेखाली हात घातलास, तांब्या ओठाला लावलास आणि हळू म्हणालीस, 'डोळं मिटूनच ऱ्हा, आण्णा. पर पी.'

मी प्यालो. चार दिवस प्यालो. तुझ्या हातची पेज, तुझ्या हातचा काढा, सगळं मिटल्या डोळ्यांनी. तू पुटपुटत प्रार्थना करायचीस, त्यात माझं नाव यायचं. मला तुझं मनगट माझ्या गालाजवळ जाणवायचं. चौथ्या दिवशी तुझा हात माझ्या कपाळापेक्षा गरम लागला. ते मला कळलं. तेव्हा तरी डोळे उघडायचे! 'यमे, तुला ताप चढलाय, जा, झोप,' एवढं तरी म्हणायचं! मी गप्प पडून राहिलो, कारण पाणी पाहिजे होतं. पाचव्या दिवशी तू आली नाहीस.

ताप उतरल्यावर मी वैनीला विचारलं, 'कोण येत हुतं गं?' ती माझ्याकडं बघतच राहिली. 'तुमाला म्हाईत न्हाय?' म्हणाली आणि कुशीवर वळली. बेचाळीस वर्षांच्या संसारात ती मला एवढं टाकून बोललेली मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सरूबाई दारात उभी. 'दादा, यमुनाबाई गेली. पहाटंच.'

काठी टेकत आलो. गादीखालचा कागद काढून कनवटीला लावला होता. तुला मिशनच्या पडवीत बाजेवर ठेवलं होतं, भोवती त्या पोरी, काही आता बाया झालेल्या. मी सरूबाईला विचारलं, 'हिच्या हातात बांगड्या भरू का?' ती म्हणाली, 'भरा की. तुमचीच वाट बगत हुती.'

मी तुझा उजवा हात घेतला. गार पडला होता, आखडला होता. आयुष्यात इतके हात भरले, असा हात कधी भरला नव्हता. अंगठ्याखाली दाबलं, बोटं आवळली, आणि पुन्हा तेच तोंडातनं गेलं. 'हात सैल सोड, यमे.' ह्या वेळी तू सोडला नाहीस. मला जबरदस्तीनं भरता आल्या असत्या, मला ती कला येते. पण ह्याच हातावर मी एकदा जबरदस्ती केली होती, आणि ती खूण माझ्या बोटाखालीच होती. मी थांबलो. बांगडी परत कागदात ठेवली आणि तुझ्या बाजेच्या पायाशी बसून पोराटोरांसारखा रडलो, माणसांदेखत. सरूबाई नुसती जवळ बसली, तुझ्याजवळ बसायची तशी.

आता आजचं.

आज सकाळी उठलो, बांगड्यांच्या माळा खांद्यावर टाकल्या. अंगात अजून ताकद नाही. वैनी म्हणाली, 'कुठं निघालासा असं?' म्हटलं, यमीच्या घरी. ती म्हणाली, 'मागच्या बोळानं जावा. कुणी बघायचं न्हाय.' म्हटलं, न्हाय, भर बाजारातनं, महाद्वारातनंच जाणार.

कोपऱ्यावर आमच्या जातीचे थोरले पंच, तात्या, उन्हाला बसले होते. नदीकाठी उभे होते चौघे, त्यातले हेच एकटे उरलेत. त्यांनी हाक मारली. 'काय रं, सकाळच्या पारी माळा घिऊन कुठं?'

'भनीकडं.'

'कुठली भन? तुझी भन मरून चवदा वरसं झाली की.'

'न्हाय, तात्या,' मी म्हणालो. 'धाच दिस झालं.'

त्यांच्या तोंडाकडं मी बघितलं नाही. पुढं काय करायचं ते करू देत. वाळीत टाकायचं तर टाकू देत. पण बोललो तेव्हा छातीवरनं काहीतरी उतरलं, आणि मला तुझं ते वाक्य आठवलं, मी मला परत मिळाले म्हणालीस ते. मी अजून मिळालोय असं नाही म्हणत. पण कुठं बघायचं ते कळलंय.

मिशनच्या पडवीत बसलो. सांगितलं, ज्यांच्या हातात बांगड्या नाहीत त्यांनी या. विधवा, टाकलेल्या, कुणीही. आधी कुणी पुढं येईना. मग सरूबाई आली, माझ्यासमोर बसली आणि हात पुढं केला. चाळीस वर्षं रिकामा हात, नुसती हाडं आणि शिरा. म्हणाली, 'दादा, तुमी सुतकात हायसा न्हवं?'

'हाय,' म्हटलं. 'तिच्याच सुतकात आलोय.'

त्या वस्तीतल्या बाईचा हात मी आयुष्यात पहिल्यांदा हातात धरला. सांगायला लाज वाटते, पण माझाच हात आखडला. तेव्हा ती म्हातारी मला म्हणते, 'सैल सोडा की, दादा.' सहा बांगड्या भरल्या, एकही तडकली नाही. तिच्यामागं ती पोर बसली होती, जिच्या डोक्यावर तान्हेपणी तू चंपाचं टोपरं घातलं होतंस. तिनं स्वतःच सांगितलं. तिचे दोन्ही हात भरले. मग दुपारपर्यंत मान वर करायला सवड मिळाली नाही.

रडणारा देव काय कामाचा, असं मी तुला विचारलं होतं. तू उत्तर दिलं नाहीस असं मी इतकी वर्षं म्हणत होतो. ताप हाणून पाडणारा कुणी आला नाही, यमे. तांब्या घेऊन तू आलीस, आणि माझ्या सोंगालासुद्धा पाणी पाजलंस. हेच उत्तर होतं का गं? का आणखी काही होतं, जे मी निवळल्यावर सांगणार होतीस? आता निवळलोय की मी. सांग की.

तुझ्या त्या बारा बांगड्या मात्र मी आज कुणाला भरल्या नाहीत. कागदात आहेत, गादीखाली. तुमच्यात म्हणतात, मेलेली माणसं एक दिवस उठणार. मला त्यातलं काही कळत नाही, सरूबाईला विचारायचंय. पण तू कधी खोटं बोलायची नाहीस. तेव्हा उठलीस की ये. पुढच्या दारानं ये, दुकान कितीही भरलेलं असू दे. मी आधी तुझं मनगट उलटून बघीन, आतल्या बाजूची ती खूण आहे का. तीच माझी ओळख. मग म्हणीन, हात सैल सोड, यमे. आणि डोळे उघडे ठेवून भरीन.